कोर्ससाठी ठेव मोडू का?

तुमच्या पत्रातला हिशेब असा: खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत ये-जा, हायड्रॉलिक यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम, हातात २५,००० रुपये, घरखर्च १८,०००. क्रेडिट सोसायटीत १,८०,००० ची ठेव. टेक्निकल रायटिंग (मॅन्युअल, वापरसूचना लिहिणं) आणि वेब युजेबिलिटी (वेबसाइट वापरायला सोपी करणं) यांच्या ऑनलाइन कोर्सची फी १,२०,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६००. ठेव मोडू की २४ बिनव्याजी हप्ते घेऊ, असं विचारलंत.

दोन्ही नको. शिका मात्र जरूर.

ठेव मोडलीत तर ३८,४०० उरतील. जेमतेम दोन महिन्यांचा घरखर्च. हप्ता ५,९०० चा, म्हणजे महिनाअखेर हाती ११००. शिवाय असे हप्ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीनं तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. कोर्स मध्येच सोडलात तरी ते फिटेपर्यंत सुटका नाही, आणि हप्ता चुकला की सिबिल बिघडतं. आणि बिनव्याजी? एकरकमी भरले तर किती कमी कराल, असं संस्थेला विचारून बघा. जी सूट सांगतील, तेच व्याज.

या कामात प्रमाणपत्रापेक्षा तुम्ही लिहिलेले नमुने बघतात. शिकायचं साहित्य बरंचसं फुकट आहे: गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स, युजेबिलिटीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांची १९९४ ची युजेबिलिटीची दहा सूत्रं, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाची व्याख्यानं (परीक्षा द्यायची तरच फी). विमान उद्योगातल्या मॅन्युअलसाठी बनलेली एएसडी-एसटीई१०० ही सोप्या इंग्रजीची नियमावलीही मागितली की मोफत मिळते. कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नियम पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल.

तुमची खरी पुंजी वेगळीच आहे. तुम्हाला यंत्र कळतं. युरोपचा नवा यंत्रसामग्री कायदा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय आणि त्यात वापरसूचना डिजिटल स्वरूपात द्यायला मुभा आहे. म्हणजे मॅन्युअल स्क्रीनवर येणार, आणि तिथे नीट लिहिणं नि वाचणाऱ्याला हवं ते पटकन सापडणं ही दोन्ही कामं एकच होतात. तुमचा कारखाना तिकडे यंत्रं पाठवत असेल तर मालकांशी बोला. परवानगी घेऊन एका पॉवर पॅकचं (यंत्राला दाबाखाली तेल पुरवणाऱ्या पंप-मोटरच्या संचाचं) मॅन्युअल नव्यानं लिहा. पाच ऑपरेटरना मोबाइलवर द्या, त्यात कन्नड बोलणारेही घ्या, आणि कुठे अडतात ते गप्प बसून बघा. मदत करायचा मोह होईल, आवरा.

सहा महिन्यांत यावर दहा हजारांपेक्षा जास्त घालवू नका. दरमहा ४,००० ची बँकेत आरडी लावा. तोवर दोन-तीन नमुने झाले, कुणी पैसे देऊन काम दिलं, तर पुढच्या कोर्सचा विचार त्या आरडीतून करू.

न विचारलेली एक गोष्ट: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत असलेलं विम्याचं संरक्षण क्रेडिट सोसायटीला नसतं. मुदत संपली की निदान एक लाख बँकेत हलवा.