वाचक विचारतात : थेसालीचा कापूस आणि थेसालीचं पाणी

गेल्या अंकात मीटिओराचा फोटो छापला होता, उभ्या सुळक्यांच्या डोक्यावर बसलेले मठ, आणि खाली फक्त 'थेसाली, ग्रीस' एवढंच लिहिलं होतं. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि सगळी जागा थेसालीला दिलीय.

थेसाली म्हणजे राज्य, जिल्हा की नुसतं जुनं नाव? (एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर)

बाई, नाव तर फारच जुनं आहे, पण आजच्या कारभारातही आहे. ग्रीसमध्ये आपल्यासारखी राज्यं नाहीत, पण देशाचे १३ प्रदेश केलेत आणि २०११पासून प्रत्येकाचा प्रमुख लोक निवडून देतात, थेसाली त्यातला एक, मुख्य शहर लारिसा. आकार साधारण १४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याएवढे साडेतीन जिल्हे मावतील, आणि माणसं २०२१च्या जनगणनेत सात लाखसुद्धा नाहीत! आपल्या नुसत्या शहरात २०११लाच १९ लाखांवर होती. त्रिकाला आणि कार्दित्सा ही मैदानातली गावं, व्होलोस हे बंदर, आणि स्कियाथोस, स्कोपेलोस वगैरे बेटंपण यातच येतात.

नकाशा मात्र जरा नीट बघा. उत्तरेला ऑलिंपस, पूर्वेला ओसा आणि पेलियन, पश्चिमेला पिंडसची रांग, दक्षिणेला ओथ्रिस, सगळीकडून डोंगर आणि मधे सपाट मैदान, आणि त्या मैदानाचं जवळजवळ सगळं पाणी पिनियोस नदी टेम्पेच्या चिंचोळ्या घळीतून समुद्रात नेते. एवढ्या मोठ्या अंगणाला एकच मोरी. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की इथे पूर्वी तळं होतं आणि पोसायडन देवाने डोंगर फोडून पाण्याला वाट दिली असं थेसालीतले लोक सांगतात, त्याचं स्वतःचं मत पडलं की हे काम भूकंपाचं असणार. आणि इराणचा बादशहा झर्क्सीस स्वारीवर आला तेव्हा ती घळ बघून म्हणाला म्हणे, ही बुजवली तर अख्खी थेसाली बुडेल. पुढचं सगळं वाचताना ही मोरी डोक्यात ठेवा.

ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हापासून थेसाली त्यात आहे का? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक वाचक, सुदामा नगर)

नाही रे, पन्नास वर्षं उशिरा. १८२१चा उठाव, १८३०मध्ये स्वातंत्र्याला मान्यता, पण थेसाली तुर्कांकडेच राहिली ती १८८१पर्यंत, आणि तेव्हाही मिळाली ती लढाई जिंकून नाही तर मोठ्या सत्तांनी करार घडवून आणला म्हणून. १८९७मध्ये तुर्की फौजा परत आत शिरल्या होत्या, वर्षभराने निघाल्या.

पण परीक्षेत न विचारली जाणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुर्क जमीनदार गेले तेव्हा त्यांच्या मोठमोठ्या जहागिऱ्या परदेशात पैसा कमावलेल्या श्रीमंत ग्रीकांनी विकत घेतल्या, आणि बटाईवर राबणारा शेतकरी होता तिथेच राहिला, उलट जुना वहिवाटीचा हक्क होता तोही गेला. १९१०च्या मार्चमध्ये लारिसाला सभा होती, किलेलेर स्टेशनवर शेतकरी बिनतिकीट गाडीत चढायला लागले, त्यावरून भांडण पेटलं आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. जमीन खऱ्या अर्थाने वाटली गेली ती १९२३नंतर, आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा. मार्चमध्ये अजूनही किलेलेरचा दिवस पाळतात आणि राजकारणी भाषणं ठोकायला येतात.

मुलगा टूरवर गेला होता, म्हणाला बसमधून मैलोन् मैल कापूस दिसला. युरोपात कापूस? आमच्या तीन पिढ्या मिलमध्ये गेल्यात, हे कधी ऐकलं नाही. (परदेशीपुरा)

मुलाने बरोबर पाहिलं. युरोपियन युनियनमधला साधारण ८० टक्के कापूस एकट्या ग्रीसचा, उरलेला बहुतेक स्पेनचा, आणि ग्रीसमध्ये थेसालीचं मैदान यात पुढे. उन्हाळा कडक, जमीन सपाट, वेचणी मशीनने, ऑक्टोबरात शेतं पांढरी होतात. आणि खरं कारण पैसा. १९८१मध्ये ग्रीस युरोपियन समुदायात (युरोपियन युनियनचं आधीचं रूप) गेला तेव्हा कापसाला आधार देण्याची तरतूद थेट प्रवेशाच्या करारातच घालून घेतली होती, ती मदत रूप बदलत बदलत आजही चालू आहे.

तुम्ही मिलचे म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. टेम्पेच्या घळीवर ओसाच्या उतारावर आंबेलाकिया नावाचं गाव आहे. तिथले लोक मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळापासून सुताला असा लाल रंग द्यायचे की तो माल थेट व्हिएन्नापर्यंत जायचा, आणि १७७८मध्ये त्यांनी सगळ्यांची मिळून एक संस्था काढली, जगातल्या पहिल्या सहकारी संस्थांत तिचं नाव घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मोडली. इंग्लंडचं मशीनचं स्वस्त सूत बाजारात आलं आणि व्हिएन्नात ठेवलेला पैसाही बुडाला. त्यांच्या एका म्होरक्याची तीनमजली हवेली आता म्युझियम आहे. आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ला बंद पडलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना यापुढे काही सांगायला नको. आजही थेसालीची रुई बहुतेक बाहेरच जाते, तुर्कस्तान मोठं गिऱ्हाईक, कारण ग्रीसमधल्या सूतगिरण्याही एकेक करून बंद पडल्या.

पुराची बातमी वाचली होती, पाणीटंचाईचीपण वाचली. एकाच जागी दोन्ही कसं? (लोकमान्य नगर)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

आपला कापूस पावसाळ्यात उभा असतो, कमी-जास्त का होईना वरून पाणी मिळतं. ग्रीसमध्ये उलटं आहे, पाऊस हिवाळ्यात आणि कापूस उन्हाळ्यात, म्हणजे पीक वाढतं त्याच महिन्यांत आभाळ कोरडं असतं, त्यामुळे पाणी कालव्याचं किंवा बोअरचं. बोअर खोल खोल गेले, पाण्याची पातळी उतरली, काही ठिकाणी जमीन खचून भेगा पडल्या. त्यात १९६२मध्ये पूर्वेचं कार्ला तळं आटवून टाकलं होतं, मलेरिया जाईल, पूर थांबेल, शेती वाढेल म्हणून, बोगदा पाडून पाणी व्होलोसच्या आखातात सोडलं. शेती वाढली, पण कोळी देशोधडीला लागले, पक्षी गेले, आणि पुराचं पाणी जिथे थांबायचं ती जागाच गेली. नंतर पस्तावून तळ्याचा एक भाग परत भरला.

मग पश्चिमेच्या आखेलोस नदीकडे डोळा. ती पिंडसच्या पलीकडून आयोनियन समुद्रात जाते, तिला धरणं बांधून, डोंगरातून १७ किलोमीटरचा बोगदा पाडून इकडे वळवायचं. आपण नर्मदा जलूदहून वर चढवून इंदूरला आणली ना, तसाच विचार, फरक एवढाच की आपण पाणी मुख्यतः प्यायला आणलं आणि त्यांना शेताला हवं होतं. मेसोखोराचं धरण २००१च्या सुमारास बांधूनसुद्धा झालं, पण भरलं नाही, कारण भरलं तर गाव बुडतं आणि गावकरी कोर्टात. ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा प्रकल्प एकदा नाही अनेकदा रद्द केला, शेवटचा मोठा निकाल २०१४चा. नर्मदेवरच्या धरणात बुडालेल्या हरसूदच्या लोकांना असं कोर्ट भेटलं नाही, असो.

आणि मग सप्टेंबर २०२३, डॅनिएल वादळ. पेलियनवरच्या झागोरा गावात एका दिवसाच्या आत ७५४ मिलिमीटर पाऊस, म्हणजे जवळजवळ ३० इंच! इंदूरला अख्ख्या पावसाळ्याची सरासरी ३७-३८ इंच आहे. सगळं पाणी मैदानात, बाहेर जायला ती एकच वाट, कापूस काढणीवर आलेला, गुरं गेली, १७ माणसं गेली, कार्ला तळं आपली जुनी हद्द ओलांडून पसरलं. पुढच्या उन्हाळ्यात ते पाणी ओसरलं तेव्हा तळ्यातले मासे वाहत व्होलोसच्या समुद्रात आले आणि खाऱ्या पाण्यात मेले, १०० टनांवर मेलेले मासे उचलावे लागले, ऐन टुरिस्ट सीझनमध्ये. मेटामॉर्फोसी नावाच्या गावाने तर मतदान घेऊन गावच दुसरीकडे हलवायचं ठरवलं.

माझं मत विचाराल तर आखेलोस आणली असती तरी भागलं नसतं, दहा वर्षांत आणखी बोअर झाले असते. मदत पिकाला मिळते तोवर कोण कमी पाण्याचं पीक घेणार? शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे.

मीटिओरा बघायला वयस्क माणसं जाऊ शकतात का? (दोन मैत्रिणी, तिलक नगर)

जाऊ शकता. एके काळी २४ मठ होते, आता सहा चालू आहेत, पूर्वी माणसं जाळ्यात बसवून दोराने वर ओढायचे, आता पायऱ्या आहेत आणि कलांबाका गावातून वर रस्ता जातो. प्रत्येक मठ आठवड्यात वेगवेगळ्या दिवशी बंद असतो, तेवढं आधी बघून जा, आणि बायकांना लांब स्कर्ट लागतो, पँट चालत नाही, साडी किंवा खाली ओढणी गुंडाळली की काम होतं. महान मीटिओरा या सगळ्यात मोठ्या मठाला पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर सरळ सेंट स्टीफनच्या मठात जा, तिथे छोट्या पुलावरून चालत आत जाता येतं आणि वरून थेसालीचं अख्खं मैदान दिसतं.