पिंडीला डोळे कुठायत?

प्रिय बाळ,

श्रावणी सोमवारी आज्जीबरोबर कपिलेश्वराला गेलीस, रांगेत ताटकळलीस आणि पिंडीसमोर पोचतेस तोवर "चला, पुढं चला" झालं. मग फोनवर विचारलंस, "पप्पा, फोटो घरात आहेच की, मग रांग कशाला? आणि आज्जी म्हणते देवानं आपल्याला बघितलं पाहिजे. पिंडीला डोळे कुठायत?" तेव्हा मी ड्युटीवर होतो, म्हणून आता सवडीनं लिहितोय.

आज्जीचं म्हणणं असं की दर्शनात आपण एकटेच बघत नसतो. नव्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करताना नेत्रोन्मीलन करतात. सोन्याच्या शलाकेनं, म्हणजे बारीक काडीनं, तिचे डोळे उघडायचे आणि समोर आरसा धरायचा, म्हणजे ती पहिली नजर कुणा माणसावर पडत नाही. फोटोत मात्र मामला एकतर्फी, असं रांगेतल्या माणसांना वाटतं. वारकऱ्याला पायांवर डोकं टेकायला नाही मिळालं तर तो मुखदर्शन घेतो, तेही नाही जमलं तर कळसाला हात जोडतो. पण पंढरपूरला जातोच.

ही नजरभेटही सगळ्यांच्या वाट्याला नव्हती. चोखोबांना जातीमुळं देवळात शिरू दिलं नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठं ते देऊळ दलितांना खुलं झालं. तू रांगेला कंटाळलीस खरी, पण त्या रांगेत उभं राहायला मिळावं म्हणूनसुद्धा माणसं झगडलीत.

आता पिंडीचे डोळे. बृहदारण्यक उपनिषदात उषस्त नावाचा एकजण तुझ्यासारखाच हटून बसतो. ही गाय, हा घोडा, असं बोट ठेवून आत्मा दाखवा म्हणतो. याज्ञवल्क्य ऋषी म्हणतात, जो बघतोय त्यालाच तू कसा बघणार? मला हे उत्तर आवडतं, पण चार्वाकाला पटलं नसतं. प्रत्यक्ष दिसेल तेवढंच खरं, असं त्याचं मत. तुझा प्रश्न त्याच्या वळणाचा आहे, आणि त्यात वावगं काही नाही. आपल्याकडं तत्त्वज्ञानाच्या परंपरांनाही दर्शनंच म्हणतात, आणि चार्वाकालाही त्यांत धरलंय. विजयनगरच्या काळातला 'सर्वदर्शनसंग्रह' हा ग्रंथ तर त्याच्यापासूनच सुरू होतो.

आपल्या गल्लीतही बघायची तऱ्हा एक नाही. शेजारचे लिंगायत अज्जा सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन टक लावून बसतात. पुजारी नाही, रांग नाही, डोळेही नाहीत. तेवढ्या वेळात त्यांना हाक मारू नकोस.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ, तू बघितलेली नाहीस. १२०४ सालची आहे, छताला दगडी कमळ, आत नेमिनाथ तीर्थंकर. दिगंबर जैनांच्या मूर्तीची नजर अर्धी मिटलेली असते. ती तुझ्याकडं बघत नाही, तुला काही देतही नाही. तीर्थंकराला कशाचीच ओढ उरलेली नसते. तरीही माणसं तिथं दर्शनालाच जातात. आज्जीच्या हिशेबात हे कसं बसतं, ते तूच तिला विचार. ती चिडायची नाही, उलट तिला असं काही विचारलेलं आवडतं.

कपिलेश्वराला परत जायचं असेल तर मंगळवारी वगैरे जा, गर्दी कमी असते.

तुझा,
पप्पा