फोटो उघडायला तीन सेकंद, म्हणून ८४,००० चा लॅपटॉप?

प्रश्न : मी सेलूचा, जिल्हा परभणी. वर्षाला साधारण २० लग्नांच्या ऑर्डरी असतात. सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करतो. लॅपटॉप पाच वर्षांचा झालाय. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि एकेक फोटो नीट दिसायला तीन सेकंद लागतात. एका लग्नाचे साडेतीन हजार फोटो निवडता निवडता रात्रीचे दोन वाजतात. दुकानदार ८४,००० चा लॅपटॉप ७,००० च्या १२ ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर द्यायला तयार आहे. बँकेत १,१०,००० आहेत, घरखर्च महिना २२,०००. लोकांकडे ६५,००० अडकलेत, ‘सोयाबीन विकलं की देतो’ म्हणतात. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरची वर्गणी चालू आहे. लॅपटॉप घेऊ का?

उत्तर : भाऊ, आत्ता नका घेऊ. तुमचा त्रास खरा आहे. साडेतीन हजार गुणिले तीन सेकंद म्हणजे जवळपास तीन तास, तेही नुसतं फोटो उघडण्याची वाट बघण्यात. हेच काम अर्ध्या सेकंदावर आलं तर अर्ध्या तासात होतं. वर्षाच्या २० लग्नांत ४८ तास वाचतात. पण ते वाचवायला ८४,००० लागतात का, हे आधी तपासू.

प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं तयार केलेला एक जेपेग असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसतो तो हाच. फोटो मेकॅनिकसारखं सॉफ्टवेअर तोच जेपेग उचलून दाखवतं, म्हणून ते झटपट चालतं. लाइटरूम स्वतःचा प्रिव्ह्यू बनवत बसतं, म्हणून जड वाटतं. तुम्ही लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर फोटो आत घेताना प्रिव्ह्यूच्या पर्यायात ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा. याला एक रुपयाही लागत नाही. अडोबी ब्रिजमध्येही असाच पर्याय आहे आणि ब्रिज फुकट मिळतं.

एक अडचण मात्र येऊ शकते. काही कॅमेरे, विशेषतः सोनीची बरीच मॉडेल्स, हा आतला जेपेग लहान ठेवतात, १६१६ बाय १०८० पिक्सेलचा. त्यावर नवरीच्या डोळ्यांत फोकस बसलाय की नाही, हे कळत नाही. तिथं फास्टरॉव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर कामाला येतं. ते थेट रॉ उलगडून दाखवतं आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखही रॉचाच देतं. शालूची जर किंवा पांढरा फेटा जास्त उजेडानं खरंच जळालाय की एडिटिंगमध्ये वाचेल, हे निवडतानाच समजतं. दिलेले स्टार एक्सएमपी नावाच्या छोट्या जोडफाइलमध्ये राहतात, ते लाइटरूमला वाचता येतात. पैसे एकदाच भरायचे, साधारण दोन-अडीच हजार रुपये. आधी चाचणी आवृत्ती घेऊन एक अख्खं लग्न निवडून बघा, मगच पैसे भरा. फोटो मेकॅनिक उत्तम आहे, पण त्याच्या कितीतरी पट महाग. रोज अंकाला फोटो पाठवणाऱ्या वृत्तछायाचित्रकाराला ते परवडतं, तुमच्या २० लग्नांना नाही. इरफानव्ह्यू आणि फास्टस्टोन हे फोटो बघायचे प्रोग्राम घरगुती वापरापुरतेच फुकट आहेत. धंद्यासाठी परवाना लागतो.

आता डिस्क. तुमची हार्ड डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टात लावलेली असेल तर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर मिळत नाहीत. २८ एमबीची फाइल नुसती वाचायलाच जवळपास सेकंद जातो. एका लग्नाचे फोटो लॅपटॉपमधल्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, टाकून फरक बघा. आत एसएसडी नसेल तर ती बसवून घ्या. नवा लॅपटॉप घेऊनही तीच डिस्क त्याच वेगानं वाचली, तर हप्ता कशाचा भरायचा?

हप्त्याचं म्हणाल तर मला ‘नो कॉस्ट’ हा शब्दच आवडत नाही. बँक व्याज लावतेच, सूट देऊन ते झाकलं जातं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येते. पण माझी मोठी काळजी तुमच्या कमाईच्या खंडाची आहे. यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. पुढं आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने मुहूर्त नाहीत. म्हणजे १२ पैकी पाच हप्ते बिनलग्नाच्या महिन्यांत पडतात, आणि सोयाबीनवर टेकलेली उधारी तर दिवाळीच्या आधी हलणार नाही. त्या चार महिन्यांचा घरखर्च ८८,००० आहे. एवढे पैसे बँकेत राहिलेच पाहिजेत. मग हातात उरतात २२,०००. त्यातले २०,००० ही तुमची मर्यादा धरा : सॉफ्टवेअर, एसएसडी, आणि बॅकअपसाठी दुसरी डिस्क. एका लग्नाचा डेटा ९८ जीबी, वर्षाचा जवळपास दोन टीबी. तो एकाच डिस्कवर असेल, या विचारानं मला खरंच धडकी भरली. पैसे अपुरे पडले तर एसएसडी मागं ठेवा, बॅकअपची डिस्क मागं ठेवू नका.

‘लॅपटॉप घेतला की टॅक्स वाचतो’ असं दुकानदार म्हणाला असेल तर एवढं लक्षात ठेवा : तुम्ही अंदाजित उत्पन्न योजनेत रिटर्न भरत असाल, म्हणजे उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवत असाल, तर लॅपटॉपचा घसारा, म्हणजे वापरानं घटणाऱ्या किमतीची वजावट, वेगळा मिळत नाही.

वाचलेले ४८ तास मात्र वसुलीला लावा. अल्बमसाठी फोटो निवडायला गिऱ्हाइकाकडे महिन्यानं गेलात तर लग्नाचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवटची रक्कम लांबते. आठव्या दिवशी गेलात तर घरात अजून फोटोचाच विषय असतो. यापुढं बुकिंगच्या वेळीच ठरवून टाका : निम्मे आधी, हळदीच्या दिवशी ३० टक्के, उरलेले अल्बम हातात देताना. आधीचे ६५,००० ज्यांच्याकडे आहेत, त्यांची यादी काढून याच आठवड्यात एकेकाच्या घरी जाऊन या. फोनवर हे होत नाही.

एडिटिंग किंवा व्हिडिओ एक्सपोर्टला लॅपटॉप खरंच अडतोय असं दिसलं, तर तुळशीच्या लग्नानंतरच्या बुकिंगचे पैसे आले की रोखीनं घ्या आणि दुकानदाराकडून रोखीची सूट मागून घ्या.