ख्रिस्ती घरात जन्म झाला, बाप्तिस्मा झाला, मग वेगळं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाला? चांगलं वागलं की माणूस नीतिमान होत नाही का?

हाच प्रश्न माझे मामा मला बारा वर्षं विचारतायत, म्हणून लिहितोय.

माझा बाप्तिस्मा मी तान्हा असताना झाला, पुढे दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली, मग मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच, दर रविवारी दानाची थैली मीच फिरवायचो. नगर जिल्ह्यातलं गाव आमचं. दारू नाही, तंबाखू नाही, गावात नाव चांगलं. आणि त्याच काळात मी थोरल्या भावाचा बांध कोरत होतो. नांगरट आली की ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, जरा पलीकडून घे, नांगराचं एकच तास. असं सात वर्षं. बांधाच्या मधोमध असलेली बाभळ शेवटी माझ्या रानात उभी दिसायला लागली.

एका रविवारी शास्त्रपाठ माझ्याकडे होता, बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र, तिसरा अध्याय. 'नीतिमान कोणी नाही, एकदेखील नाही' वाचलं आणि समोर दुसऱ्या बाकावर दादा. पुढची ओळ तोंडातून निघेना. घसा बसला असं वाटून कोणीतरी पाणी आणून दिलं. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाही. रात्री पहिल्यांदा अशी प्रार्थना केली की जिच्यात स्वतःचं चांगलं काहीच सांगितलं नाही, फक्त एवढंच की प्रभू, मी चोर आहे, मला पदरात घे. आणि घेतलं त्याने, मला तिथंच कळलं. पहाटे दादाकडे गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं रे." वहिनींनी चहा ठेवला. मोजणी नंतर झाली.

मामा म्हणतात, बांध परत दिलास म्हणजे सुधारलास, त्याला तारण काय म्हणायचं! साफ चूक. आधी क्षमा मिळाली, मग बांध सुटला. जमीन मोजून दिल्यावर देवाने नीतिमान ठरवलं असतं तर तो व्यवहार झाला असता, आणि पौल तर पुढच्याच अध्यायात सांगतो की देव अधर्मी माणसालाच विश्वासावरून नीतिमान ठरवतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता हे त्यांनी स्वतः लिहिलंय, त्याला पुढे आठेक वर्षं लागली. एवढ्या विदुषीला लागली, मामा, मग माझं काय घेऊन बसलात!

तुम्ही तो तिसरा-चौथा अध्याय सलग वाचा, मोठ्याने, आणि ज्याचं देणं लागता त्याचा चेहरा समोर आणून वाचा.

हां, सगळ्यांचं एका रात्रीत होतं असं नाही, आणि लहानपणीचा बाप्तिस्मा फुकट गेला असंही मी म्हणत नाही. माझ्या बायकोला असा एक दिवस सांगताच येत नाही, आणि तिचा विश्वास माझ्यापेक्षा घट्ट आहे.