पिकअपला मागे ताडपत्री बरी की पत्र्याची बंद बॉडी?

तुम्ही लिहिलंय की 1.7 टनाची नवी पिकअप घेतली, निम्मा धंदा भाजीपाल्याचा, निम्मा पार्सलचा. मग हौद्यावर कमानी टाकून ताडपत्री मारू, की बॉडीवाल्याकडून बंद बॉडी करून घेऊ, आणि खर्च किती येईल?

ताडपत्री मारा. बंद बॉडीचा सल्ला देणारे बहुतेक लोक टोमॅटो घेऊन भर पावसात माळशेज घाट उतरलेले नसतात. मी जुन्नर तालुक्यातला माल कल्याणला नेतो, त्यामुळे पाऊस म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.

झाकण निवडताना माणूस वर बघतो. पाऊस वरून येतो, बरोबर आहे. पण माल भिजतो तो मागून. गाडी पळायला लागली की तिच्या पाठीशी हवेची पोकळी होते आणि चाकांनी उडवलेलं पाणी, चिखल, उन्हाळ्यात धूळ, सगळं त्या पोकळीत ओढलं जातं आणि फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या पडत्या दारावर, येऊन बसतं. पटत नसेल तर कच्च्या रस्त्याने आलेल्या एसटीची मागची काच बघा आणि पुढची बघा. आता फाळक्याखाली बोटभर फट असेल तर वर कापड असो की पत्रा, पाणी आत येणारच.

हे मी एवढं ठासून का सांगतो, तर माझ्यावर एक आळ आहे आणि तो आमचे दाजी अजून उतरू देत नाहीत.

दसऱ्याच्या तोंडावरची गोष्ट. परतीचा पाऊस चालू होता, गाडीत झेंडू भरलेला. कमानींवर जाड सुती कॅनव्हास, वरून रस्सीचा आवळा, सगळं व्यवस्थित. ओतूर सोडलं तसा पाऊस लागला तो थेट मुरबाडपर्यंत. पहाटे कल्याणच्या फूल बाजारात गाडी लावली, व्यापाऱ्याने फाळका पाडला आणि समोरच्याच पिशवीत हात घातला. फुलं ओली. झेंडू ओला झाला की पिशवीत तापतो आणि काळा पडतो, हे त्यालाही ठाऊक, मलाही. पण त्याने फक्त पहिली रांग बघितली आणि सगळ्या गाडीचा भाव पाडला. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, सरळ ‘भिजका माल’ लिहिलं. दाजी दुसरी गाडी घेऊन तिथेच उभे. हमालांसमोर म्हणाले, “कापडावर धंदा करतोय. बंद बॉडी कर म्हणून किती सांगितलं याला.”

मी आतल्या पिशव्या काढायला लावल्या. मधल्या रांगा कोरड्या, केबिनजवळच्या कोरड्या. ताडपत्रीला आतून हात लावला, कोरडी. भिजली होती ती फक्त फाळक्याला टेकलेली रांग, तीही तळाकडून, आणि त्या पिशव्यांवर चिखलाचे ठिपके होते. मी दाजींना विचारलं, आभाळातून चिखल पडतो का? त्यांनी उत्तर दिलं नाही, चहा सांगितला. पट्टी काही बदलली नाही. आणि घरात लग्न असो की बारसं, “याची ताडपत्री गळते” हे वाक्य पंगतीत एकदा तरी येतंच.

तर ताडपत्री घेताना काय बघायचं. ती निळी-पिवळी प्लास्टिकची शीट घेऊ नका. शेततळ्यावर, कांद्याच्या ढिगावर ठीक आहे. गाडीवर ती वाऱ्याने फडफडते, रस्सी ओवायच्या आयलेटपाशी फाटते आणि उन्हाने वर्षा-दोन वर्षांत कडकते. राहिले दोन प्रकार. कॅनव्हास महाग आणि जड, पण श्वास घेतो. पहिल्या सरीला आत थोडा तुषार येतो, मग सूत फुगतं आणि विण आवळते. फक्त माल त्याला आतून टेकता कामा नये, टेकला की तिथूनच पाणी झिरपतं, म्हणून कमानी मालाच्या वर वीतभर तरी ठेवायच्या. ओला कॅनव्हास घडी घालून ठेवाल तर कुजेल, वास मारेल. पीव्हीसीचा लेप दिलेली ताडपत्री पाणी अजिबात येऊ देत नाही, पण आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. तोडलेली भाजी गाडीतही श्वास घेत असते, उष्णता आणि ओल सोडते. बंद जागेत ती ओल वर जमते आणि थेंब होऊन मालावरच पडते. पार्सलला पीव्हीसी, भाजीला कॅनव्हास, एवढं साधं आहे.

कमानींच्या कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा, नाहीतर लोखंड घासून कापड तिथेच फाटतं. आवळायलाही ट्यूबच्याच पट्ट्या घ्या. नायलॉनची रस्सी ओली झाली की ढिली पडते. दोन तुकडे असतील तर पुढचा मागच्यावर चढला पाहिजे. उलटं टाकलंत तर वारा आत शिरून सगळं उचलतो. आणि मागचा पडदा फाळक्याच्या आत नाही, बाहेरून, पार खालपर्यंत सोडा. फाळक्याच्या कडेला दरवाजाचं रबर लावा.

बंद बॉडीचं वजन कुणी सांगत नाही. गाडीचं एकूण वजन आरसीवर ठरलेलं असतं, बॉडी जेवढी जड तेवढा माल कमी. पत्रा-अँगलचे समजा 300 किलो वाढले, तर 20 किलोच्या हिशोबाने टोमॅटोचे 15 कॅरेट गेले, दर खेपेला. तेवढे वरून भरलेत आणि भुईकाट्यावर सापडलात तर दंड 20,000 पासून सुरू, वर जादा टनामागे 2,000. शिवाय माल फक्त मागून भरायचा. शेताच्या बांधावर तीन बाजूंचे फाळके पाडून दोघं जण जे काम पटकन उरकतात, त्याला बंद बॉडीत एक माणूस कायम आत वाकून उभा.

दाजींनी हट्टाने बंद बॉडी केली. पहिल्याच उन्हाळ्यात टोमॅटो आत उकडले. मग दोन्ही बाजूंना खिडक्या कापल्या, जाळी ठोकली. पावसाळ्यात त्या खिडक्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून आता त्यांच्यावर बाहेरून ताडपत्रीचे पडदे सोडलेत. माझ्या ताडपत्रीला नावं ठेवणारा माणूस आज कापड, पत्रा आणि जाळी अशी तिन्ही ओझी वाहतोय. दाजी हे वाचणार आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हायलक्स किंवा व्ही-क्रॉस असल्या शौकीन पिकअपच्या हौद्यावर सपाट घडीचं झाकण असतं, तसलं आपल्या गाडीवर बसवायचा विचार असेल तर सोडून द्या. आपला माल हौद्याच्या काठाच्या वर जातो.

आता तुमच्या निम्म्या पार्सलचं. एखाद्या कुरिअरवाल्याशी बारमाही ठरलं असेल आणि त्याची कुलपाची अट असेल, तर बंद बॉडीच करावी लागेल, तिथे मी वाद घालणार नाही. रात्री ढाब्यावर गाडी उभी राहत असेल तरीही कुलूप बरं; ताडपत्री ब्लेडने कापली जाते. मात्र आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करायची तर मंजुरी लागते. ती न घेता बदल केलात तर कलम 182अ खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड, नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कमानी आणि ताडपत्री काढता-घालता येते, पण कमानी हौद्याला वेल्डिंग करू नका, बोल्टने बसवा.

खर्चाचं मी सांगत नाही, पत्र्याच्या आणि कापडाच्या जाडीवर तो बदलतो. फक्त बॉडीवाल्याला पैसे विचारायच्या आधी बॉडीचं वजन विचारा, आणि ते कोटेशनवर लिहून मागा. टाळाटाळ करत असेल तर दुसरा बॉडीवाला बघा.