वाचकांचे प्रश्न : चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा

प्रश्न : वय ५८. रोज सकाळी कमाटीबागेत चार किलोमीटर चालतो, गुडघे ठीक आहेत. पाडव्यानंतर नर्मदेची उत्तरवाहिनी एका दिवसात झेपेल का? बडोद्याहून किती वाजता निघावं?
(दांडिया बाजार)

उत्तर : झेपेल, पण हिशेब घड्याळाचा धरा. नर्मदा जिथे उत्तरेकडे वाहते, तेवढ्याच तुकड्याभोवतीची ही पायी फेरी. रामपुऱ्याच्या कीडी-मकोडी घाटावरून मांगरोळ, गुवार करत शहेराव, तिथून पलीकडे तिलकवाडा, मग त्या काठाने रेंगण आणि पुन्हा नदी ओलांडून रामपुरा. ही वाट २१ किलोमीटरच्या आसपास धरून चाला. बागेत तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस शेताच्या बांधावर, धुळीत आणि घाटाच्या वाळूत साडेतीनच्या वर जात नाही. म्हणजे निव्वळ चालणं सहा तास. नावेच्या दोन रांगा वेगळ्या. रविवारी, एकादशीला किंवा पौर्णिमेला त्या किती लांबतील याचा नेम नसतो, तेव्हा मधला साधा वार निवडा.

अकरानंतरचं ऊन टाळायचं तर पहाटे चारला रामपुऱ्यात पाय टाकलेला हवा. डभोईवरून, पोइचाच्या पुलाने पलीकडे जाऊन राजपीपळ्याच्या बाजूने येताना दोन तास धरा. बडोद्यातून दीडला निघालात तर गाडी लावायला आणि घाटावर दर्शनाला वेळ उरतो. रात्रभर चालणारेही पुष्कळ असतात. ऊन लागत नाही हे खरं, पण पहाटे तीन-चारला झोप अनावर होते आणि बांधावर पाय मुरगळतो तो तेव्हाच. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, हात मोकळे राहतात.

तयारीला चार आठवडे द्या. रविवारी ८, मग ११, मग १४ किलोमीटर. शेवटच्या आठवड्यात लांब चालूच नका. रोज चार चालणाऱ्याला दम लागत नाही, त्रास देतात ते तळवे.

प्रश्न : गेल्या वर्षी तिलकवाड्याला पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. बूट नवे, चांगले होते. चूक कुठे झाली?
(मांडवी)

उत्तर : ‘नवे’ इथेच. बूट किमान तीन आठवडे वापरलेला हवा आणि अर्धा नंबर मोठा, कारण चालून पाय सुजतो. पण मोठं कारण ओल. घाटावर पाय धुतले आणि तसेच मोजे चढवले की कातडी मऊ पडते, त्यात वाळूचे दोन कण गेले की तासाभरात फोड. धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय पुसा, पाच मिनिटं वाऱ्यावर ठेवा, कोरडे मोजे घाला. म्हणून मोज्यांचे दोन जादा जोड हवेतच. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो. आत पातळ सिंथेटिक आणि वर जाड मोजा घातला की घर्षण दोन मोज्यांत होतं, कातडीवर नाही.

फोड येण्याआधी एक जागा चुरचुरते. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणू नका. तिथेच बसा, वाळू झटका, कोरडी करून कापडी चिकटपट्टी लावा, कडांना सुरकुती राहू देऊ नका. फोड आलाच आणि लहान असला तर फोडू नका. मोठा, तणावलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी काढू नका. मधुमेह असेल तर स्वतः टोचायचंच नाही. नखं आठवडाभर आधी, सरळ कापा.

अनवाणी चालणार असाल तर वाळूचे टप्पे ऊन चढण्याआधी संपवा. श्रद्धेने वाळू गार होत नाही.

प्रश्न : खाण्यापिण्याचं काय न्यावं? बीपीची गोळी चालू आहे.
(वाडी)

उत्तर : वाटेत सेवेचे मांडव असतात, चहा, ताक, खिचडी मिळते. तरी दोन लिटर पाणी स्वतःजवळ असू द्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या बाटलीत घोळलं तर ते जास्त खारट होऊन उलट त्रास देतं. दशम्या, थेपले, गूळ-दाणे पुरे. मांडवात आग्रह होईल, पण पोटभर खाऊन उन्हात चालू नका. लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, कातडी तापली तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : चालताना नर्मदा मैया कोणत्या हाताला ठेवायची?
(राजमहाल रोड)

उत्तर : उजव्या. म्हणून रामपुऱ्याच्या काठाने प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जायचं आणि तिलकवाड्याच्या काठाने प्रवाहाविरुद्ध परतायचं.

प्रश्न : परिक्रमेत नदी ओलांडायची नसते ना? मग नाव कशी चालते?
(वारसिया)

उत्तर : संपूर्ण नर्मदेच्या मोठ्या परिक्रमेत नदी ओलांडत नाहीत, समुद्रमुखाशी तेवढी नाव घेतात. ही फेरी उत्तरेकडे वाहणाऱ्या एका तुकड्यापुरती, तेव्हा दोनदा ओलांडणं आलंच. वर सरदार सरोवर धरण आहे. पाणी सोडलं की पातळी चढते आणि तात्पुरता पूल घातलेला असेल तर तोही बंद पडतो. आदल्या संध्याकाळी चौकशी करून निघा. नावेत लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि खच्चून भरलेली नाव सोडून पुढचीत बसा.

प्रश्न : गरुडेश्वर त्याच दिवशी होईल?
(प्रतापनगर)

उत्तर : गरुडेश्वरची टेंबे स्वामींची १९१४ सालची समाधी या वाटेवर नाही, तिलकवाड्याच्या वर आहे. गाडीने सहज होते, पण आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. २१ किलोमीटर चालून आल्यावर गाडी चालवणाऱ्याला आधी तासभर आडवं होऊ द्या.