‘घरी सगळं येतं, पेपरात सुचत नाही’: दहावीच्या आईला उत्तर

ताई, लेक रोज पाच तास पुस्तक घेऊन बसते, विचारलं तर सगळं येतं म्हणते, आणि पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी १७ पडले. ‘हिचं डोकंच चालत नाही का?’ हा तुमचा प्रश्न वाचून जीव कळवळला. डोकं छान चालतं हो तिचं. मी नागपुरात चोवीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, मानेवाड्याला घरी शिकवण्या घेतल्या, आणि दर जानेवारीला एखादी तरी आई हेच सांगत दारात उभी असायची.

एका मुलीची वही अजून डोळ्यांपुढे आहे. पायथागोरसचं प्रमेय तिने तीनदा उतरवलेलं, टपोऱ्या अक्षरात, खाली पट्टीने रेघ. मी वही मिटली आणि पाठकोरा कागद पुढे केला. तिने काटकोन त्रिकोण काढला, ‘पक्ष’ लिहिलं, ‘साध्य’ लिहिलं आणि थांबली. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा, एवढंच आठवेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘मॅडम, मला पाहूनच येते.’

तुमच्या लेकीचंही हेच होऊन राहिलं आहे. सोडवलेलं उदाहरण समोर असलं की प्रत्येक पायरी ओळखीची वाटते, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं मूल धरून चालतं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

म्हणून पाचाचे तीन तास करा, पण त्यातला निम्मा वेळ पुस्तक मिटलेलं हवं. धडा वाचला की पाठकोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. सुरुवातीला तिला फार राग येईल, काहीच येत नाही असं वाटून रडेलही. तेव्हा तिच्याजवळ बसा, फक्त पुस्तक उघडू देऊ नका.

गणितात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती चूक मी माझ्याच मुलाच्या बाबतीत केली. वर्गसमीकरणांची चाळीस उदाहरणं एका दमात करून घेतली. धड्याच्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळाले, पूर्वपरीक्षेत मात्र गडबडला. कारण पेपरात वर धड्याचं नाव नसतं! दोन संख्यांची बेरीज आणि फरक दिला तर दोन चलांतील रेषीय समीकरणं, बेरीज आणि गुणाकार दिला तर वर्गसमीकरण, दरमहा ठरावीक रक्कम वाढवत गेलं तर अंकगणिती श्रेढी. हे ओळखणं हाच अर्धा पेपर आहे. चिठ्ठ्यांवर सगळ्या धड्यांची उदाहरणं लिहून डब्यात टाका आणि रोज आठ काढायला सांगा. आधी फक्त प्रकार ओळखायचा, मग सोडवायचं.

आता पेपर. ४० गुण, दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. २०२३ पासून शेवटी मिळणारी १० मिनिटं हिशेबात धरू नका, ती तपासायला ठेवा. दोन गुणांच्या उदाहरणावर सहा-सात मिनिटं गेली की जागा सोडून पुढे जायचं. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर लिहायचंच, आणि पहिलंच उत्तर धरतात, म्हणून खोडाखोड करून पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. भूमितीत रचनेचे कंस पुसायचे नाहीत, प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती हवीच. हे सगळं प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनांत छापलेलं असतं, तरी मुलं वाचत नाहीत.

सराव रविवारी सकाळी ११ ला ठेवा, बोर्डाच्या सकाळच्या पेपराची वेळ तीच. रात्री पंख्याखाली लोळून सोडवलेला पेपर आणि मार्चच्या नागपुरी उन्हात केंद्रावर जाऊन सोडवलेला पेपर यांत फरक पडतो. रात्रीची जागरणं मात्र आजपासून बंद.

आणि ते १७ गुण. तो पेपर फेकला नसेल तर काढा. गेलेल्या २३ गुणांचे तीन ढीग करा: मुळात येतच नव्हतं, येत होतं पण प्रकार ओळखला नाही, आणि चिन्ह किंवा आकडेमोड चुकली. तिच्याच हाताने करू द्या. कोणत्या ढिगात किती गेले ते इथे लिहा, मग पुढच्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक मी मांडून देते.